म्हातारचळ नाही, आजार आहे : डॉ. अल्झायमर यांनी एका बाईच्या मेंदूत नेमकं काय पाहिलं होतं?

२६ नोव्हेंबर १९०१. जर्मनीतलं फ्रँकफर्ट शहर. तिथल्या मनोरुग्णालयात एक बाई दुपारचं जेवण जेवत होती. ताटात डुकराचं मांस आणि फ्लॉवर. समोर बसलेल्या डॉक्टरांनी विचारलं, काय खाताय? तिने पालक असं उत्तर दिलं.

डॉक्टरांनी नाव विचारलं. ते तिने बरोबर सांगितलं. आडनाव विचारलं, तर परत पहिलंच नाव. नवऱ्याचं नाव विचारलं, तर जरा अडखळून तिने पुन्हा स्वतःचंच नाव घेतलं. हातात कागद दिला आणि नाव लिहायला सांगितलं. एक शब्द लिहिला आणि पुढे काय लिहायचं हेच ती विसरली. आपण स्वतःच कुठेतरी हरवलोय, अशा अर्थाचं काहीतरी ती बोलत राहिली.

या बाईचं नाव ऑगुस्टे डेटर. वय फक्त ५१.

आणि समोर बसून तिचं प्रत्येक उत्तर जसंच्या तसं लिहून घेणारे डॉक्टर होते अलॉइस अल्झायमर.

आज अल्झायमर म्हटलं की आजार आठवतो. हे एका माणसाचं आडनाव होतं, हे अनेकांच्या गावीही नसतं. या माणसाने आयुष्यभर एकच प्रश्न धरून ठेवला होता : माणूस असा का होतो? त्या प्रश्नाचं पूर्ण उत्तर अजूनही मिळालेलं नाही. पण जेवढं मिळालंय, ते प्रत्येक घराला माहीत असायला हवं.

नोटरीचा मुलगा आणि मायक्रोस्कोप

अलॉइस अल्झायमर यांचा जन्म १४ जून १८६४ चा. बव्हेरियात माईन नदीच्या काठी मार्क्टब्राइट नावाचं छोटं गाव आहे, तिथला. वडील नोटरी होते. मुलांना चांगली शाळा मिळावी म्हणून कुटुंब आशाफेनबुर्गला राहायला गेलं. पुढे अलॉइस यांनी बर्लिन, ट्युबिंगेन आणि वुर्झबुर्ग इथे वैद्यकाचं शिक्षण घेतलं आणि १८८७ मध्ये ते डॉक्टर झाले.

डॉक्टरकीसाठी त्यांनी लिहिलेला प्रबंध कशावर होता? तर कानात मळ तयार करणाऱ्या ग्रंथींवर. मेंदूशी याचा काही संबंध नाही. पण या कामात त्यांचा हात मायक्रोस्कोपवर बसला, तो कायमचा.

१८८८ मध्ये त्यांना फ्रँकफर्टच्या मनोरुग्णालयात नोकरी लागली. शहरातले लोक त्या इमारतीला वेड्यांचा वाडा म्हणायचे. त्या काळात मनोरुग्णांना बांधून ठेवणं, कोंडून ठेवणं हे सर्रास चालायचं. इथले संचालक एमिल झिओली यांना ते मान्य नव्हतं. रुग्णांना मोकळं ठेवायचं, अस्वस्थ असतील तर कोमट पाण्यात बराच वेळ बसवायचं, त्यांच्याशी बोलायचं, अशी पद्धत त्यांनी आणली. तरुण अल्झायमर यांनी ती उचलून धरली. रुग्णाजवळ बसून निवांत बोलायचं आणि सगळं लिहून ठेवायचं ही सवय त्यांना इथेच लागली.

वर्षभरात तिथे आणखी एक तरुण डॉक्टर आले, फ्रान्झ निस्सल. मेंदूतल्या पेशी स्वच्छ दिसाव्यात म्हणून त्या रंगवण्याची एक नवी पद्धत निस्सल यांनी शोधली होती. दोघांची घट्ट मैत्री जमली. दिवसभर वॉर्डात रुग्ण बघायचे आणि संध्याकाळी मायक्रोस्कोपला डोळे लावून बसायचं, असा त्यांचा दिनक्रम झाला.

वेड लागतं म्हणजे नेमकं काय होतं?

त्या काळी या प्रश्नावर डॉक्टरांमध्येच दोन तट होते. काहींच्या मते हे मनाचे घाव होते. काहींच्या मते हे मेंदूचे रोग होते आणि ते मेंदूत डोळ्यांना दिसायला हवेत.

अल्झायमर दुसऱ्या गटातले. त्यांच्याकडे त्याला कारणही होतं. तेव्हाच्या मनोरुग्णालयांमध्ये एक मोठा वर्ग असा होता, ज्यांना आधी भ्रम व्हायचे, मग स्मृती जायची, मग अंग लुळं पडायचं आणि शेवटी मृत्यू यायचा. हा प्रकार म्हणजे मेंदूपर्यंत पोहोचलेला सिफिलिस होता. अशा रुग्णांच्या मेंदूत नेमके काय बदल होतात, याचा अल्झायमर यांनी अनेक वर्षं अभ्यास केला. पुढे १९१३ मध्ये सिफिलिसचे जंतू अशा रुग्णांच्या मेंदूतच सापडले. म्हणजे ज्याला लोक वेड म्हणत होते, त्यामागे एक सरळसोट संसर्ग होता.

त्यांचा दुसरा अभ्यास होता कडक झालेल्या रक्तवाहिन्यांचा. मेंदूला रक्त पुरवणाऱ्या नळ्या जाड आणि अरुंद झाल्या की मेंदूचा तो तो भाग उपाशी राहतो, पेशी मरतात आणि माणसाची स्मृती व समज कमी होते, हे त्यांनी १८९० च्या दशकात मांडलं. ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण पुढे तिचा संबंध येणार आहे.

या काळात त्यांचं लग्नही झालं. पत्नी सेसिली ही एक श्रीमंत विधवा होती. त्यांना तीन मुलं झाली. पण १९०१ च्या सुरुवातीला सेसिली वारली. अल्झायमर यांची बहीण मुलांना सांभाळायला आली आणि त्यांनी स्वतःला कामात बुडवून घेतलं.

त्याच वर्षी नोव्हेंबरात ऑगुस्टे डेटर रुग्णालयात दाखल झाली.

वय बसत नव्हतं

ऑगुस्टेचा नवरा कार्ल रेल्वेत कारकून होता. सरळ, साधा संसार. मग काही महिन्यांतच तिचं सगळं बदलत गेलं. सुरुवात झाली संशयापासून. नवऱ्याचं दुसरीकडे काहीतरी चालू आहे, असं तिच्या डोक्यात बसलं. मग स्वयंपाक चुकायला लागला. वस्तू कुठेतरी लपवून ठेवायची आणि नंतर सापडायच्या नाहीत. घरातल्या घरात ती दिशाहीन फिरायची. कुणीतरी आपल्याला मारणार आहे असं वाटून आरडाओरडा करायची. रात्र रात्र झोपायची नाही. कार्लला ते सांभाळणं अशक्य झालं, तेव्हा त्याने तिला दवाखान्यात आणलं.

ज्यांच्या घरात असा रुग्ण आहे, त्यांना यातली प्रत्येक गोष्ट ओळखीची वाटेल. संशय, लपवालपवी, रात्रीचं जागरण. घरच्यांना वाटतं माणूस मुद्दाम असं करतोय. पण तो मुद्दाम करत नसतो.

अल्झायमर यांना यात खटकलं ते तिचं वय. म्हातारपणी माणसं विसरतात हे तेव्हाही सगळ्यांना माहीत होतं. आपल्याकडे जसं साठी बुद्धी नाठी म्हणून विषय संपवतात, तसाच तिथेही संपवायचे. त्याला वार्धक्यातला बुद्धिभ्रंश असं नाव होतं आणि त्यावर करण्यासारखं काही नाही असं समजलं जायचं. पण ही बाई होती ५१ वर्षांची. तिच्या बाबतीत म्हातारपण हे उत्तर चालणार नव्हतं. मग कारण काय?

पुढच्या काही दिवसांत अल्झायमर तिच्याजवळ जाऊन बसत राहिले. साधी गणितं घातली, वस्तू दाखवल्या, लिहायला लावलं, वाचायला लावलं. पेन्सिल, किल्ली अशा वस्तू ती ओळखायची, पण काय दाखवलं होतं हे थोड्याच वेळात विसरायची. सगळं तिच्या फाइलमध्ये उतरत गेलं.

पाच वर्षांनंतर म्युनिकमध्ये

१९०३ च्या सुमारास अल्झायमर यांनी फ्रँकफर्ट सोडलं. त्या काळातले सगळ्यात नावाजलेले मानसोपचारतज्ज्ञ एमिल क्रेपेलिन यांच्यासोबत काम करायला ते आधी हायडेलबर्गला आणि मग म्युनिकला गेले. म्युनिकच्या नव्या क्लिनिकमध्ये त्यांनी मेंदूच्या अभ्यासाची प्रयोगशाळा उभी केली. काही काळ त्यांना तिथे पगारही नव्हता. पत्नीकडून आलेल्या पैशांवर घर चालत होतं.

ही प्रयोगशाळा बघायला जगभरातून तरुण डॉक्टर यायचे. लायबेरियात जन्मलेले आणि पुढे अमेरिकेत नाव कमावलेले कृष्णवर्णीय डॉक्टर सॉलोमन कार्टर फुलर इथे शिकले. लेवी, क्रॉइट्झफेल्ड आणि याकोब हेही इथे काम करून गेले. या तिघांची नावं पुढे मेंदूच्या वेगवेगळ्या आजारांशी जोडली गेली. अल्झायमर सतत सिगार ओढायचे. एखाद्या विद्यार्थ्याच्या मायक्रोस्कोपमध्ये बघायला वाकले की सिगार टेबलावर ठेवायचे आणि तिथेच विसरून पुढे जायचे, असं सांगतात. संध्याकाळी प्रत्येक टेबलावर एकेक अर्धवट सिगार सापडायची.

पण फ्रँकफर्टची ती बाई ते विसरले नव्हते. तिची खबर ते घेत राहिले. मध्यंतरी खर्च परवडत नाही म्हणून तिला स्वस्तातल्या रुग्णालयात हलवायचं चाललं होतं. अल्झायमर यांनी प्रयत्न करून तिला तिथेच ठेवलं.

ऑगुस्टेची अवस्था मात्र खालावत गेली. बोलणं बंद झालं. शेवटी ती पाय पोटाशी घेऊन बिछान्यात पडून असायची. अंगाला जखमा झाल्या, त्यातून संसर्ग पसरला आणि ८ एप्रिल १९०६ ला ती गेली. वय होतं ५५.

झिओली यांनी तिची फाइल आणि तिचा मेंदू म्युनिकला पाठवला.

त्या मेंदूत काय दिसलं?

मेंदू आकसलेला होता. हे नुसत्या डोळ्यांनीही दिसत होतं. मग अल्झायमर यांनी त्याचे पातळ काप काढले आणि ते रंगवले. माक्स बिल्शोव्स्की यांनी काही वर्षांपूर्वीच चांदीच्या क्षाराने चेतापेशी रंगवायची पद्धत आणली होती. या रंगात पेशींच्या आतले बारीक धागेही काळेभोर दिसतात.

त्यांना तीन गोष्टी दिसल्या.

पहिली, पेशींच्या आतले धागे. निरोगी पेशीत हे धागे सरळ आणि नीट असतात. इथे ते जाड होऊन एकमेकांत गुरफटले होते. काही ठिकाणी तर पेशी मरून गेली होती आणि तिच्या जागी फक्त हा गुंता उरला होता. मेंदूच्या बाहेरच्या थरातल्या सुमारे पाव ते एक तृतीयांश पेशींचं असं झालं होतं.

दुसरी, पेशींच्या बाहेर जागोजागी साचलेले बारीक डाग. कुठल्यातरी वेगळ्याच पदार्थाची पुटं.

तिसरी, मोठ्या रक्तवाहिन्यांच्या भिंतींमध्येही बदल झालेले होते.

आज पहिल्या गोष्टीला टाऊ प्रथिनाचे गुंते म्हणतात आणि दुसरीला अमायलॉइडचे प्लाक. आजही अल्झायमर आजाराची ओळख याच दोन खुणांवरून पटते.

कुणी प्रश्नच विचारला नाही

नोव्हेंबर १९०६ मध्ये ट्युबिंगेनला दक्षिण-पश्चिम जर्मनीतल्या मानसोपचारतज्ज्ञांची सभा भरली. अल्झायमर यांनी स्लाइड दाखवत ऑगुस्टेची केस मांडली. भाषण संपलं आणि सभागृह शांत. एकही प्रश्न आला नाही. अध्यक्षांनी पुढच्या वक्त्याला बोलावलं. १९०७ मध्ये या केसवर त्यांचा छोटासा लेख छापून आला.

त्याच वर्षी प्रागमध्ये ऑस्कर फिशर नावाच्या डॉक्टरांनीही एक मोठं काम प्रसिद्ध केलं. त्यांनी म्हातारपणी बुद्धिभ्रंश झालेल्या १६ जणांचे मेंदू तपासले आणि त्यातल्या १२ जणांमध्ये असेच डाग सापडल्याचं सांगितलं. म्हणजे जे ५१ व्या वर्षीच्या बाईत दिसलं, तेच म्हाताऱ्या माणसांमध्येही होतं. फिशर ज्यू होते. पुढे १९४२ मध्ये नाझींच्या कैदेत टेरेझिनला त्यांचा मृत्यू झाला आणि कित्येक दशकं त्यांचं नाव विस्मरणात गेलं.

आजाराला नाव मिळालं ते १९१० मध्ये. क्रेपेलिन यांनी आपल्या पाठ्यपुस्तकाच्या आठव्या आवृत्तीत या प्रकाराला अल्झायमरचा आजार म्हटलं. तोवर अशा जेमतेम मोजक्या केसेस होत्या. क्रेपेलिन यांनी इतकी घाई का केली, यावर इतिहासकार आजही वाद घालतात.

गंमत म्हणजे ज्यांचं नाव दिलं, त्या अल्झायमर यांनाच खात्री नव्हती. १९११ मध्ये त्यांनी योहान एफ. नावाच्या दुसऱ्या रुग्णाची केस छापली. त्याच्या मेंदूत डाग भरपूर होते, पण पेशींमधले गुंते दिसले नाहीत. त्या लेखात त्यांनी स्पष्ट शंका घेतली की हा खरोखर वेगळा आजार आहे, की म्हातारपणी होणाऱ्या बुद्धिभ्रंशाचाच लवकर आलेला प्रकार?

ही शंका अगदी योग्य होती. पण तिच्याकडे कुणी फारसं लक्ष दिलं नाही.

१९१२ मध्ये त्यांना ब्रेस्लाऊ विद्यापीठात प्राध्यापकपद मिळालं. हे शहर आज पोलंडमध्ये आहे, व्रोत्सवाफ नावाने. तिकडे जाताना रेल्वेतच ते आजारी पडले. त्यातून हृदयावर परिणाम झाला आणि ते पुन्हा कधी पूर्ण बरे झालेच नाहीत. १९ डिसेंबर १९१५ ला त्यांचं निधन झालं. तेव्हा त्यांचं वय होतं ५१. ऑगुस्टे पहिल्यांदा त्यांच्यासमोर येऊन बसली, तेव्हा तिचं जेवढं होतं तेवढंच. फ्रँकफर्टमध्ये पत्नीच्या शेजारी त्यांना पुरलं गेलं.

एका नावामुळे साठ वर्षं गेली

क्रेपेलिन यांच्या पुस्तकामुळे पुढे एक विचित्र गोष्ट झाली. अल्झायमर म्हणजे पन्नाशीतल्या माणसांना क्वचित होणारा आजार, असं ठरून गेलं. सत्तरी-ऐंशीतला माणूस विसरायला लागला तर तो आजार नाही, ते वय झालं.

याचा तोटा असा झाला की ज्यांना हा आजार खरोखर मोठ्या संख्येने होत होता, त्यांच्याकडे संशोधकांनी पाहिलंच नाही.

१९६० च्या दशकात इंग्लंडमधल्या संशोधकांनी म्हाताऱ्या रुग्णांचे मेंदू मृत्यूनंतर तपासले. डाग जितके जास्त, तितकी स्मृतीची घसरण जास्त, असं त्यांना आढळलं. १९७६ मध्ये अमेरिकेतले डॉक्टर रॉबर्ट कॅट्झमन यांनी ठामपणे मांडलं की पन्नाशीतला आणि ऐंशीतला हा आजार एकच आहे, त्याला वयाने वेगळं करू नका. ज्या क्षणी हे मान्य झालं, त्या क्षणी दुर्मीळ समजला जाणारा आजार जगातल्या मोठ्या आजारांच्या यादीत आला. अल्झायमर यांनी १९११ मध्ये घेतलेली शंका ६५ वर्षांनी खरी ठरली.

मग कारण काय सापडलं?

१९८४ मध्ये ते डाग कशाचे असतात हे कळलं. बीटा अमायलॉइड नावाच्या प्रथिनाचे. पाठोपाठ गुंत्यांमधलं टाऊ प्रथिनही ओळखलं गेलं. ही दोन्ही प्रथिनं निरोगी मेंदूतही असतात. या आजारात मात्र ती साफ होण्याऐवजी साचतात. हे साचणं लक्षणं दिसायच्या १५-२० वर्षं आधी सुरू होतं. म्हणजे सत्तरीत विसरायला लागलेल्या माणसाच्या मेंदूत पन्नाशीतच सुरुवात झालेली असू शकते.

मग शोध सुरू झाला जनुकांचा. १९९१ ते १९९५ या काळात तीन जनुकं सापडली, ज्यांच्यातल्या काही बिघाडांमुळे हा आजार जवळपास नक्की आणि लवकर होतो. पण अशी कुटुंबं फार कमी आहेत. एकूण रुग्णांमध्ये त्यांचं प्रमाण १ टक्क्याहून कमी धरलं जातं.

१९९३ मध्ये सापडलेलं एपीओई-४ हे जनुक वेगळं आहे. ते अनेकांमध्ये असतं. ते असलं की धोका वाढतो, आई आणि वडील दोघांकडूनही आलं असेल तर आणखी वाढतो. पण ते असूनही आजार न होणारे लोक आहेत आणि ते नसूनही आजार होणारे आहेत. त्यामुळे आईला होता म्हणून मला होणारच, असं समीकरण बांधता येत नाही.

१९९५ मध्ये फ्रँकफर्टच्या रुग्णालयात ऑगुस्टेची हरवलेली फाइल सापडली. ३२ पानं, त्यात अल्झायमर यांच्या हातचे तपशील. तिच्या मेंदूच्या स्लाइडही म्युनिकमध्ये मिळाल्या. मग प्रश्न आला की तिला एवढ्या लवकर हा आजार का झाला? त्या जुन्या स्लाइडवरून जनुकीय तपासणी केली गेली. एका गटाने लवकर होणाऱ्या अल्झायमरचा जनुकीय बिघाड सापडल्याचं सांगितलं. दुसऱ्या गटाला तो सापडला नाही. म्हणजे जगातल्या पहिल्या अल्झायमर रुग्णाला हा आजार नेमका कशामुळे झाला, हे आजही पक्कं सांगता येत नाही.

कारण एक नाही, धोके अनेक

सगळ्यात मोठा धोका म्हणजे वय. पासष्टीनंतर साधारण दर पाच वर्षांनी धोका दुप्पट होत जातो. वय आणि जनुकं कुणाच्या हातात नसतात. पण बाकीचं?

लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ मध्ये १४ गोष्टींची यादी दिली. या गोष्टी आटोक्यात आणल्या तर जगातल्या स्मृतिभ्रंशाच्या साधारण ४५ टक्के केसेस टाळता किंवा लांबवता येतील, असा त्यांचा अंदाज आहे. हा आकडा फक्त अल्झायमरचा नाही, सगळ्या प्रकारच्या स्मृतिभ्रंशाचा आहे. पण त्यात सर्वाधिक वाटा अल्झायमरचाच असतो.

यादी अशी : लहानपणी अपुरं शिक्षण, कमी ऐकू येणं, वाईट कोलेस्टेरॉल, नैराश्य, डोक्याला मार, व्यायामाचा अभाव, मधुमेह, धूम्रपान, उच्च रक्तदाब, लठ्ठपणा, जास्त दारू, एकटेपणा, हवेचं प्रदूषण आणि उपचार न केलेली कमजोर नजर.

यातल्या किती गोष्टी रक्तवाहिन्यांशी जोडलेल्या आहेत ते बघा. रक्तदाब, मधुमेह, कोलेस्टेरॉल, सिगारेट. अल्झायमर यांनी १८९० च्या दशकात कडक रक्तवाहिन्यांबद्दल जे मांडलं होतं, ते इथे परत येतं. वयस्कर रुग्णांच्या मेंदूत आज अनेकदा दोन्ही सापडतं, प्रथिनांचे डागही आणि खराब झालेल्या रक्तवाहिन्याही. एकाने दुसऱ्याचं काम सोपं केलेलं असतं.

शिक्षण आणि कान यांचा काय संबंध, असा प्रश्न पडू शकतो. शिकताना, बोलताना, ऐकताना मेंदूत जोडण्या तयार होतात. ही एक प्रकारची शिल्लक असते. ज्याच्याकडे शिल्लक जास्त, त्याच्या मेंदूत नुकसान सुरू झालं तरी तो जास्त काळ निभावून नेतो. कमी ऐकू येणारा माणूस हळूहळू गप्पांमधून बाहेर पडतो, एकटा पडतो आणि मेंदूला मिळणारं काम कमी होतं. म्हणून म्हातारपणी कानाचं मशीन लावणं ही चैन नाही.

भारतात ६० वर्षांवरच्या सुमारे ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश असल्याचा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका देशव्यापी अभ्यासाने दिला. म्हणजे त्या वयातल्या दर १०० माणसांमागे ७ हून जास्त. पुरुषांपेक्षा बायकांमध्ये आणि शहरांपेक्षा खेड्यांमध्ये हे प्रमाण जास्त निघालं. ज्या पिढीतल्या मुलींना चौथीतच शाळेतून काढलं गेलं, त्या आज सत्तरीत आहेत. यादीतली पहिलीच गोष्ट अपुरं शिक्षण ही आहे, हे इथे आठवायला हवं.

विसरलं म्हणजे अल्झायमर झाला का?

नाही. चष्मा कुठे ठेवला हे विसरणं वेगळं आणि चष्मा कशासाठी असतो हे न कळणं वेगळं. नेहमीच्या रस्त्यावर हरवणं, तोच प्रश्न दर दहा मिनिटांनी विचारणं, पैशांचा रोजचा हिशेब न जमणं, कारण नसताना घरच्यांवर संशय घेणं, अशा गोष्टी वाढत असतील तर डॉक्टरांकडे जायला हवं.

आणि तिथे गेल्यावर कधीकधी दिलासाही मिळतो. बी-१२ ची कमतरता, थायरॉइड, नैराश्य, काही औषधांचे परिणाम यामुळेही विसरभोळेपणा येतो आणि त्यावर उपचार आहेत. वय झालं म्हणून घरीच बसवून ठेवलं, तर हे कळतही नाही.

अल्झायमरच असेल तर तो पूर्ण बरा करणारं औषध आजही नाही. मेंदूतलं अमायलॉइड काढणारी काही औषधं अमेरिकेत गेल्या काही वर्षांत मंजूर झाली. ती सुरुवातीच्या टप्प्यात घसरण थोडी मंद करतात, पण मेंदूला सूज किंवा रक्तस्राव होण्याचा धोकाही त्यात आहे. बाकी औषधं लक्षणं काही काळ सांभाळतात. त्यामुळे काळजी घेणं हाच अजूनही उपचाराचा मोठा भाग आहे. ऑगुस्टेचा जीव शेवटी गेला तो अंथरुणावर पडून झालेल्या जखमांमुळे पसरलेल्या संसर्गाने, हे विसरून चालणार नाही.

अलॉइस अल्झायमर यांच्याकडे तर काहीच नव्हतं. औषध नाही, स्कॅन नाही, जनुकांची माहिती नाही. त्यांच्याकडे होता एक मायक्रोस्कोप, चांदीच्या क्षाराचा रंग आणि रुग्णाच्या शेजारी बसून शांतपणे प्रश्न विचारायची सवय. सगळे ज्याला वेड किंवा वय म्हणून सोडून देत होते, तिथे त्यांनी कारण शोधलं. घरातली आजी तोच प्रश्न दहाव्यांदा विचारते तेव्हा तिच्यावर ओरडायच्या आधी एवढं आठवलं तरी पुरे आहे. ती हट्ट करत नाही, तिला डॉक्टरांची गरज आहे.